गोदू आणि रिकामा खण

आमच्या शेजारची गोदू. मिठागरं गेली, मग नवरा धर्मा गेला, लेक पूनम लग्न होऊन तळा गावी गेली. घरात आवाज म्हणून उरला तो पंख्याचा.

पन्नाशीला टेकल्यावर ती उरणच्या रस्त्यावरच्या मोठ्या गोदामात कामाला लागली. लोक मोबाईलवर मागवतात तो माल तिथं असतो. मला वाटलं, साबणाशेजारी साबण ठेवत असतील. तसं नाही. तेलाशेजारी दप्तर, दप्तराशेजारी कुकरची शिट्टी. जागा दिसेल तिथं ठेवायचं, कुठं काय आहे ते यंत्रानं लक्षात ठेवायचं. माझ्या माळ्यावर असंच आहे, फक्त लक्षात ठेवणारं कोणी नाही.

गोदूच्या हातात एक छोटं यंत्र. ते सांगेल त्या खणाशी जायचं, वस्तूवर त्याचा लाल उजेड पाडायचा, ती उचलायची. बाजूच्या बाईशी बोलायला सवड नाही. दिवसभर तिला काही विचारणारं ते यंत्रच. खणातली शेवटची वस्तू काढली की ते विचारायचं, खण रिकामा झाला का?

गोदू ‘नाही’ दाबायची.

आमच्याकडं तांदळाचा डबा खरवडत नाहीत, मूठभर ठेवतात. रिकामा हा शब्द तर तिची सासू तोंडातून काढू देत नसे. गोदूला वाटे, आधीच घर ओसाड, वर आपल्याच बोटानं ‘रिकामं’ कशाला म्हणा. यंत्राला मात्र वाटे, आत अजून माल आहे आणि आपलीच मोजणी चुकली. मग कोणीतरी मोजायला धावे, आत हात घाली, काही नाही. आठवड्यात अकरा वेळा.

तीन महिन्यांनी पक्की करणार की घरी पाठवणार, हे ठरायचं होतं. तिथल्या कमलेश साहेबानं बोलावलं. तिनं खरं ते सांगितलं. तो हसला नाही, एवढं बरं.

“गोदूताई, तो खण हाय. तुमचं घर न्हाय.”

“त्याला सगळं ठाऊक हाय, मंग मला कशाला विचारतं?”

“तुम्ही आत बघितलं का, ते कळायला. आता एकदा जरी चुकलं, तर माझ्या हातात काय न्हाय.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या खणाशी ती उभीच राहिली. मागची बाई मालाची ढकलगाडी घेऊन खोळंबली, तेव्हा कुठं ‘हो’ दाबलं. त्या दिवशी बावीस वेळा दाबलं.

गेल्या सोमवारी पक्की झाली. संध्याकाळी स्वतःचं घर मागं टाकून माझ्या दाराशी आली. पूनमचा फोन लागला नव्हता.

“मावशी, कुणाला तरी सांगायचं व्हतं.”

सांगून झालं. मी हातावर गुळाचा खडा ठेवला. तो तोंडात टाकून ती खाली बसली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.