बाबांनी बदललेला शेवट

माझी आत्या दातांच्या कवळ्या बनवायची. दवाखान्यामागच्या खोलीत बसून मेणात एकेक दात बसवताना तिला जेवणाचंही भान नसे. रंग जुळवण्यात तर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा कामाच्या शोधात म्हणून गेला, तो गेलाच. आत्या त्याच घरात राहिली. दुसऱ्या शहरातून चांगल्या नोकरीसाठी बोलावणं आलं, तेव्हा ‘ते परत आले तर मला कुठे शोधतील?’ म्हणून तिनं नकार कळवला. दवाखान्यातल्या एका भल्या माणसानं लग्नाचं विचारलं, त्यालाही हेच उत्तर मिळालं.

पन्नाशीनंतर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि काम सुटलं. माझे बाबा तिचे पाठचे भाऊ. ते रोज संध्याकाळी तिच्याकडे जायचे. तिचं मन रमावं म्हणून त्यांनी वाचनालयातून एका खासगी गुप्तहेराच्या कादंबऱ्यांतली पहिली कादंबरी आणली आणि मोठ्यानं वाचायला घेतली. तिच्यात एक बाई परागंदा नवऱ्याला शोधायला गुप्तहेराकडे येते. शेवटी कळतं, की तो होडी उलटून केव्हाच बुडून मेला आणि त्याच्या खिशात बायकोचा फोटो होता. आत्या पदर तोंडाला लावून रडली. बाबांचेही डोळे भरून आले होते.

पुढच्या कादंबऱ्यांनी मात्र तिला वेड लावलं. “अरे बाबा, त्या माळ्याला विचार की,” असं ती गुप्तहेरालाच झापायची.

शस्त्रक्रिया झाली आणि तिला लख्ख दिसू लागलं. दुसऱ्यानं वाचलेलं म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास, असं म्हणत तिनं मला पहिली कादंबरी पुन्हा आणायला लावली. त्या दुपारी मी तिच्याजवळ मटार सोलत बसले होते. शेवटाकडे आल्यावर ती थांबली, चार पानं मागे गेली, परत पुढे आली. मग पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाली, नवा डोळा फसवत नाही ना, ते बघ.

मी वाचलं. होडी नव्हती, फोटो नव्हता. गुप्तहेराला तो नवरा जिवंत सापडला होता, दुसऱ्या बायकोबरोबर, मुलाबाळांत.

तिनं बाबांना बोलावून घेतलं. ते आले आणि पुस्तक पाहूनच त्यांचा चेहरा पडला. तिला त्रास होईल म्हणून ऐन वेळी बदललं, असं काहीबाही सांगू लागले.

“कादंबरीतल्या बाईचा नवरा दुसरीकडे नांदतो, त्याचा मला कसला त्रास?” आत्यानं विचारलं.

बाबांनी पुस्तक उचलून पालथं ठेवलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि साध्या आवाजात विचारलं, “कुठे आहे तो?”

तेव्हा सगळं बाहेर आलं. तो गेल्यावर काही वर्षांनी बाबांना एका बसस्थानकावर भेटला होता. बरोबर बायको होती, कडेवर मूल होतं. तिला सांगू नका म्हणून त्यानं हात जोडले. बहीण हाय खाईल म्हणून बाबांनी त्या वर्षी सांगितलं नाही, आणि मग दरवर्षी सांगणं जास्तच जड होत गेलं.

“तो गेला, त्याला जायचंच होतं,” आत्या म्हणाली. “तू तर रोज येत होतास.”

बाबा चपला घालून निघाले, तेव्हा ती दारापर्यंतही गेली नाही.

नंतरच्या महिन्यात तिनं वकील गाठला. या वयात घटस्फोट कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. कुणाची तरी बायको म्हणून मरायचं नाही, एवढंच ती म्हणायची. नवरा कोर्टात फिरकला नाही. तो दुसरीकडे संसार करत होता याला साक्षीदार हवा होता, आणि तिनं बाबांचंच नाव दिलं. भरल्या कोर्टात, अनोळखी माणसांपुढे, बाबांना ते बसस्थानक, ती बाई, ते मूल सगळं सांगावं लागलं. वकिलानं दोनदा मोठ्यानं बोलायला सांगितलं. आत्या समोरच्या बाकावर ताठ बसून शब्दन् शब्द ऐकत होती.

बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, घरी सोडू का?

“नको,” ती म्हणाली, आणि माझा हात धरून पायऱ्या उतरू लागली.