उजव्या कोपऱ्यातलं नाव

वाघमारे मॅडम वर्गात आल्या की हजेरीच्या आधी वह्यांचे कोपरे तपासत. पानाच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे बाकीचं जग तारीख टाकतं, तिथे आम्हाला लिहावं लागे: ‘कोणाकडून’. त्यापुढे नाव. गणित एकट्यानं सोडवलं असेल तर ‘स्वतः’, पुस्तकात पाहिलं असेल तर पुस्तकाचं नाव, मैत्रिणीनं युक्ती सांगितली असेल तर मैत्रिणीचं. कोपरा रिकामा असला तर बरोबर गणितालाही शून्य. “उत्तर काय, कोणीही आणतं,” त्या म्हणायच्या. “आणलं कुठून ते सांग, मग बोलू.”

घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात त्या गणित शिकवत. बुटक्या, आवाज मात्र दोन मजले जाईल असा. खडूचे तुकडे औषधाच्या स्टीलच्या डबीत ठेवायच्या आणि मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ बांधायच्या. ते त्यांच्या वडिलांचं. वडील परभणीकडून आलेले, ट्रॉम्बेच्या वसाहतीत माळीकाम करून त्यांनी मुलीला एम.एस्सी. केलं होतं. मॅडमनी पीएचडी केली नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, “दोन भावंडांची लग्नं केली. तीच माझी पीएचडी.”

एकदा मुकेश नावाच्या वात्रट मुलानं कोपऱ्यात लिहिलं, ‘कँटीनवाल्या शेट्टींकडून’. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत, वही घेऊन सरळ कँटीनमध्ये गेल्या. आम्ही मागे. शेट्टी कपाळाला हात लावून म्हणाले, “मैडम, उसने पूछा ग्लास कैसे गिनते हो. मैं बोला, भरा हुआ कौन गिनेगा? खाली घर गिनने का.” ग्लासांच्या जाळीत अठ्ठेचाळीस खण होते. शेट्टी रिकामे खण मोजायचे आणि वजा करायचे. मुकेशनं गणित नेमकं तसंच सोडवलं होतं. मॅडमनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले, शेट्टींना त्यांचं पूर्ण नाव विचारलं आणि ते फळ्यावर लिहिलं.

मला हे सगळं अतीच वाटायचं. मी मालाडच्या चांगल्या सोसायटीतली, घरात आजोबांपासून सगळे शिकलेले, कोपऱ्यात ‘स्वतः’ लिहायची मला भारी हौस. एकदा मी म्हटलंही, “मॅडम, एवढ्याशा युक्तीसाठी नाव कशाला?” त्यांनी खडू डबीत ठेवला. “केतकी, मी विद्यापीठात पहिली आले ना, तेव्हा लोकांनी ते कोणाच्या नावावर टाकलं, ठाऊक आहे? सवलतीच्या. अभ्यास मी केला, रात्रीचे डोळे माझे फुटले, आणि नाव सवलतीचं. तेव्हाच ठरवलं, आपल्या हातून असं नको. ज्याचं त्याला.” मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

दुसऱ्या वर्षाला मी गणितासोबत फ्रेंच घेतलं. गणितात पुढे शिकायचं तर फ्रान्सला जावं, असं कोणीतरी माझ्या डोक्यात भरवलं होतं. तास दुपारी तीनला, लेक्चरं संपल्यावर. पहिल्या दिवशी वर्गात जाऊन पाहते तर पहिल्या बाकावर वाघमारे मॅडम, समोर नवी कोरी दोनशे पानी वही. ग्रंथालयाला कोणाच्या तरी घरून गणिताच्या जुन्या फ्रेंच पुस्तकांची पेटी आली होती आणि ती कोणी उघडत नव्हतं. “इतकं गणित पेटीत पडलंय आणि मी बाहेर उभी,” त्या म्हणाल्या. “सरक जरा.”

मग दोन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. फ्रेंच शिकवणारी मिस सव्वीस वर्षांची. पन्नाशीच्या विभागप्रमुख बाईंना चूक सांगताना तिचीच जीभ अडखळायची. मॅडमच म्हणायच्या, “मिस, पुन्हा विचारा. चुकलं की थांबवायचं, लाजायचं नाही.” त्यांचं फ्रेंच परभणीच्या वळणाचं होतं. मागच्या बाकांवर खसखस पिके आणि शेजारी बसलेली मी, ओठ दाबून, ही माझी कोणी नाही असा चेहरा करी. परीक्षेचा निकाल मॅडमनी स्वतः गणिताच्या वर्गात जाहीर केला. “केतकीला एक्याऐंशी, मला चोपन्न. फ्रेंच अडलं तर तिच्याकडे जा, मी जाते.” आणि खरंच यायच्या. त्यांच्या फ्रेंचच्या वहीत पानोपानी कोपऱ्यात माझं नाव आहे.

पुढे मला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी फ्रान्सला गेले. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, शेवटी एक छोटा प्रबंध. माझा विषय मोजणीचा होता. काही अटी पाळणाऱ्या मांडण्या एकूण किती, एवढंच शोधायचं होतं. ऐकायला सोपं, पण दोन महिने मी त्यात अडकले. एक प्रकार मोजून झाला की त्यातून चार नवे फुटत. बाहेर बर्फ, आत मी, आणि माझे गाइड दर मंगळवारी सभ्यपणे विचारायचे, काही पुढे सरकलं का. मला परत पाठवतील या भीतीनं माझं जेवण उडालं होतं. शेवटी मॅडमना व्हिडिओ कॉल केला आणि फोनवरच रडले.

“आधी नाक पूस,” त्या म्हणाल्या. “मग वाच काय करतेयस.” मी तासभर वाचलं. त्या मध्येमध्ये फक्त “का?” म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, “अगं, असलेले कशाला मोजत बसलीस? नसलेले बघ ना.”

चार दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्या वहीच्या पानाचा फोटो आला. पेन्सिलीनं लिहिलेलं एकच पान. अटी मोडणाऱ्या मांडण्यांच्या त्यांनी अशा जोड्या लावल्या होत्या की प्रत्येक जोडी आपापसात खोडली जाई. उरलेलं ते माझं उत्तर. दोन महिन्यांचं जंजाळ बारा ओळींत मिटलं होतं. पानाच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘कोणाकडून: शेट्टी’, आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव. मी हसले, पान उतरवून घेतलं आणि फोनमधली जागा कमी पडते म्हणून फोटो पुसून टाकला. जागा कमी पडते हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं होतं.

मंगळवारी ते बारा ओळींचं काम मी फळ्यावर मांडलं. गाइड खुर्चीतून उठले, फळ्याजवळ आले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ही कल्पना तुमची का? मी म्हणाले, “वी.” म्हणजे हो. दोन वर्षं फ्रेंच शिकून इतका सहज, इतका बिनचूक शब्द मी दुसरा उच्चारला नसेल.

मी नाव का घेतलं नाही? घाटकोपरच्या कॉलेजातली, पीएचडी नसलेली बाई फोनवर चार दिवसांत हे सोडवते असं म्हटलं असतं, तर मग तुम्ही दोन महिने काय करत होता, असा प्रश्न आला असता. एवढंच. दुसरं मोठं कारण नाही. छापायच्या वेळी आभाराचं पान आलं. त्यात मी गाइडचे, आईबाबांचे, ग्रंथपालबाईंचे आणि ज्या बेकरीत पाव घ्यायचे तिथल्या म्हाताऱ्याचेसुद्धा आभार मानले. मॅडमचं नाव लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी वाटलं, आता इथे नाव घातलं तर कशासाठी ते सांगावं लागेल. मग ते राहिलंच.

मुंबईला आल्यावर प्रबंधाची प्रत मॅडमना दिली. न देऊन चालण्यासारखं नव्हतं. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. “वाचते हळूहळू. शब्दकोश घेऊन बसावं लागेल.” मला मनातून वाटलं, कशाला वाचतात, चोपन्न मार्कांचं फ्रेंच. त्याच प्रबंधाच्या जोरावर मला त्याच कॉलेजात नोकरी लागली. वर्षभरात मॅडम निवृत्त झाल्या आणि त्यांचा वर्ग माझ्याकडे आला.

पहिल्याच महिन्यात एका मुलीची वही तपासताना त्या बारा ओळी दिसल्या. मॅडमनी निवृत्त होण्याआधी त्या शिकवल्या होत्या. वहीच्या उजव्या कोपऱ्यात होतं, ‘कोणाकडून: केतकी दातार’. दुसऱ्या वहीत तेच. वर्गातल्या चाळीसच्या चाळीस वह्यांत तेच.

मी रविवारी त्यांच्याकडे गेले. माहुलच्या बाजूला त्यांचा फ्लॅट होता, वारा फिरला की रिफायनरीचा वास घरात येई. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मीही एक जुडी ओढून घेतली.

“मॅडम, मुलांच्या वहीत माझं नाव आहे.”

“मग? तुझ्या प्रबंधातून घेतलं ना मी. पान एकतीस.”

“पण ते तर तुमचं...”

“मी जिथून घेते तिथलं नाव टाकते,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “तिथं दुसरं नाव नव्हतं गं. नीट पाहिलं मी. आभाराचं पान तीनदा वाचलं. म्हटलं, आपलं फ्रेंच कच्चं, एखादा शब्द नजरेतून सुटला असेल.”

मी मेथीची पानं तोडत राहिले. तेव्हा ‘माझं चुकलं’ एवढे दोन शब्द पुरले असते आणि ते मराठीत होते. थोड्या वेळानं त्या उठल्या. “चहा टाकते. आल्याचा घेतेस ना अजून?” मी हो म्हणाले. चहा प्यायले, बिस्किटंही खाल्ली आणि घरी आले.

नंतर मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं. त्या मात्र दिवाळीला फोन करायच्या, पेटीतल्या फ्रेंच पुस्तकांत काही अडलं की विचारायच्या, आणि मी सांगितलं की म्हणायच्या, “थांब, नाव लिहून घेते.” गेल्या वर्षी हृदयविकारानं त्या गेल्या. कॉलेजातल्या शोकसभेत मी सात मिनिटं बोलले. त्यांचा साधेपणा, त्यांचं घड्याळ, पन्नाशीत फ्रेंच शिकण्याची जिद्द. लोकांनी डोळे पुसले. बारा ओळींबद्दल मी तिथेही बोलले नाही. त्या रात्री स्वतःची इतकी किळस आली की आरशासमोर दात घासवेनात.

या सत्रात तो भाग पुन्हा शिकवायला आला. बारा ओळी फळ्यावर लिहिल्या आणि उजव्या कोपऱ्यात लिहिलं, ‘कोणाकडून: वाघमारे मॅडम’. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. तिच्याकडे मोठ्या बहिणीची जुनी वही होती.

“मॅम, ताईच्या वहीत तुमचं नाव आहे ना.”

“ते चूक आहे.”

“का?”

हा प्रश्नही मॅडमचाच. मी खडू ठेवला. “कारण हे त्यांनी मला करून दिलं होतं,” मी म्हणाले, “आणि मी माझं म्हणून छापलं. त्यांचं नाव कुठेच घातलं नाही.” मला वाटत होतं, आता कोणीतरी काहीतरी म्हणावं. त्या मुलीनं फक्त पट्टी काढली, ताईच्या वहीतल्या माझ्या नावावर सरळ रेघ मारली आणि पेन तयार धरून विचारलं, “पूर्ण नाव सांगा मॅम.”

“सरोज भीमराव वाघमारे. आणि त्यांच्याखाली शेट्टी. मूळ कल्पना त्यांची.”

“शेट्टींचं पूर्ण नाव?”

ते मला येत नव्हतं. मॅडमनी ते एकदा फळ्यावर लिहिलं होतं, एकदा त्या पानावर लिहून पाठवलं होतं, आणि दोन्ही वेळा मी ते वाचून सोडून दिलं होतं. मी मुलांना पाच मिनिटं थांबायला सांगितलं आणि कँटीनमध्ये विचारायला गेले.