टेलरमास्तरांचे स्वतःचे माप

रस्त्याने जाणाऱ्या माणसाची कंबर मास्तरांना नुसत्या नजरेने कळायची. "अडतीस आहे, पण छत्तीस सांगेल," असे ते मशीनवरूनच पुटपुटत, आणि गिऱ्हाईक आत येऊन खरोखर छत्तीसच सांगे.

स्वतःच्या कमरेला मात्र त्यांनी बारा वर्षांत टेप लावला नव्हता. आपली पँट शिवताना ते मागच्या शिवणीत भरपूर माया ठेवत, म्हणजे जादा कापड आत दुमडून ठेवत. पँट आवळायला लागली की शिवण उसवायची, बोटभर सोडायची, टाके मारायचे. पाच मिनिटांचे काम. त्यामुळे त्यांची पँट कधी घट्ट झाली नाही, आणि त्यांच्या लेखी पोटही कधी सुटले नाही.

मग त्यांच्या दादाचा उजवा पाय घोट्यापासून काढावा लागला. हातात कात्री देऊन मास्तरांना धंदा शिकवला तो याच दादाने. पंधरा वर्षांची साखर, त्याने पाय बधिर झालेला, त्यामुळे बोटाला झालेली जखम कळलीच नाही.

"आता तरी रक्त तपासा," बायकोने धोशा लावला. "एका आईची लेकरं तुम्ही."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी कंबर विचारली. मास्तर बेधडक म्हणाले, "छत्तीस."

बाईंनी टेप लावला. त्रेचाळीस!

"गिऱ्हाइकांना सांगू नका हो," बायको म्हणाली. "दुकानाला टाळं लागेल." पण हसली नाही.

रक्ताचा अहवाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळायचा होता. त्या दिवशी मास्तरांनी एका शर्टाला डावी बाही उजवीकडे लावली. उसवली, आणि पुन्हा तशीच लावली. दुपारी त्यांना वाटले, पायाला बधिरपणा आलाय. त्यांनी चप्पल काढली, सुई घेतली आणि अंगठ्यात टोचली. कळ मस्तकात गेली तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात शंका आली, करंगळीचे काय?

बायको डबा घेऊन आली तेव्हा फरशीवर रक्ताचे तीन थेंब होते. "अहो, हे काय खूळ!" ती ओरडली. मग खाली बसून तिने मुकाट्याने बोटे पुसली.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी कागद वाचला. "तीन महिन्यांची सरासरी साखर सहा पूर्णांक तीन. साडेसहाला आम्ही मधुमेह म्हणतो."

"म्हणजे नाही ना?"

"नाही. पण उंबरठ्यावर उभे आहात." बाईंनी त्यांच्या पोटाकडे बोट केले. "ही चरबी नुसती पडून राहत नाही, मास्तर. आतल्या आत धुमसते, सूज आणते. तुमचं शरीर इन्सुलिन बनवतंय, पण या सुजेपायी ते नीट लागू पडत नाही. म्हणून शरीर आणखी बनवतं. असं किती दिवस रेटेल? थकलं की संपलं."

"मग आता काय करू?"

"सहा किलो उतरवा. रोज अर्धा तास झपाझप चाला. चहातली साखर आणि बिस्किटं बंद. आणि त्या सुईचा प्रयोग पुन्हा करू नका. तीन महिन्यांनी या."

ते तीन महिने मास्तरांना तीन वर्षांसारखे गेले. भल्या सकाळी ते चालायला निघत तेव्हा समोरचा न्हावी हटकून ओरडे, "मास्तर, पोट पुढं गेलं, तुम्ही मागं राहिलात!" मास्तर मान खाली घालून चालत राहत. दोनदा त्यांनी चोरून बिस्किटे खाल्ली आणि दोन्ही वेळा रात्रभर डोळा लागला नाही. वजन साडेपाच किलो उतरून तिथेच अडून बसले.

दुसरा अहवाल आला. पाच पूर्णांक नऊ.

"धोका टळला?" बायकोने विचारले.

"लांबला," बाई म्हणाल्या. "सोडलंत तर परत चढेल."

तिथून मास्तर थेट दादाकडे गेले. दादा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, गुडघ्यांवर चादर. मास्तरांनी आकडा सांगितला, आणि बाईंचे बोलणेही. आपण बचावलो हे या माणसापुढे सांगताना त्यांना अपराध्यासारखे वाटत होते.

दादाने गुडघ्यांवरची चादर सारखी केली. मग त्याने विचारले, "आजचं चालणं झालं?"

"नाही. सकाळी दवाखान्यात जायचं होतं ना."

"मग इथं बसलायस कशाला? ऊठ."

मास्तर उठले.