दिवेलागणीचे कुलूप

चार माणसे राहत असलेल्या घराला ऐन दिवेलागणीला कुलूप लागलेले तुम्ही कधी पाहिले आहे का? मी पाहिले आहे. आणि ते घर माझेच होते, म्हणजे माझ्या वडिलांचे. सिरसाळ्यातल्या आमच्या गल्लीत त्या वेळी उदबत्तीचा आणि फोडणीचा वास एकमेकांत मिसळलेला असतो, लक्ष्मी यायची वेळ म्हणून एरवी लोटलेली दारेही उघडी असतात. त्या उजेडाच्या ओळीत आमचे दार तेवढे काळे!

परळीतली भाड्याची खोली सोडून मी आणि माझी बायको रेखा इथे आलो, ते काही मायेच्या ओढीने नव्हे. मी शिकवतो त्या शाळेत पगार अनुदान आल्यावर मिळणार आहे, आणि अनुदान पुढच्या वर्षी येणार आहे. दर वर्षी ते पुढच्याच वर्षी असते. अप्पा, माझे वडील, आडतीवर धान्य मोजणारे मापाडी. पत्र्याच्या दोन खोल्या, मध्ये आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. सून आत आहे म्हणून अप्पा स्वतःच्याच दारात थांबून खाकरतात आणि मग पाऊल टाकतात. रीतच आहे ती. पण मला त्या खाकरण्यात हळूहळू दुसरेच काही ऐकू येऊ लागले. हा आदर आहे की तक्रार? आणि आई, जिने कधी सोमवारचाही फार गवगवा केला नाही, ती रोज संध्याकाळी महादेवाच्या देवळात का जाऊ लागली? चळवळीची पत्रके वाटत वाढलेला माणूस मी; गोड शब्दामागे कोणाची सोय लपली आहे, हे पाहण्याची खोड काही जात नाही. घरच्या भक्तीकडेही मी त्याच डोळ्यांनी पाहू लागलो.

रेखाचा संशय माझ्याहून साधा होता. "त्यांना आपल्यामुळं पाय पसरायला जागा न्हाई," ती म्हणाली. मग आम्ही ठरवले, की शाळा सुटली की रेखाने मला वाटेत गाठायचे, घरी न जाता परस्पर कालव्यावर जायचे, अंधार पडेपर्यंत तिथेच बसायचे. पाण्यावर उतरणारा उजेड पाहत आम्ही मनाशी म्हणत होतो, आई देवळातून परतली असेल, आता तिकडे दोघे निवांत चहा पीत असतील.

कोपऱ्यावर केळीचा गाडा लावणाऱ्या रहीमचाचांनी एके दिवशी मला अडवले. "काय मास्तर, दिवे लागायच्या टायमाला घराला कुलूप कावून? तुमची आई देवळात, अप्पा आडतीच्या ओट्यावर पोत्याला टेकून, अन् तुमी नवरा-बायको कालव्यावर. घर काय भुताला भाड्यानं दिलंय का? लक्ष्मी रोज येऊन माझ्याच गाड्यापाशी थांबतीया, केळी बी घेत न्हाई!"

मी हसलो, आणि हसता हसता थिजलो.

त्या संध्याकाळी मी आणि रेखाने अप्पांना ओट्यावरून उठवून घरी आणले. कुलूप लावलेल्या दारासमोरच विचारले, रोज तिथे का बसता? ते म्हणाले, "तुमी नव्या संसाराची माणसं. घडीभर बसाया-बोलाया एकांत पायजे का न्हाई? तुझी आई म्हनली, आपन बाहीर जाऊ."

"अन् आमी तुमच्यासाठी बाहीर," रेखा म्हणाली.

"लई शहाने सगळे!" देवळातून आलेली आई किल्ली शोधत म्हणाली. "त्या महादेवाला बी कळलं असंल, ही बया नामस्मरण करीत न्हाई, घड्याळ बघतीया."

आम्ही खूप हसलो. पण त्या हसण्यावरही माझा विश्वास नाही. चार माणसांनी एकमेकांना घर देण्यासाठी घर सोडले, याला प्रेम म्हणून मोकळे व्हावे का? की टंचाईच प्रेमाचे लुगडे नेसून आमच्यात वावरते आहे? आता दिवेलागणीला दार उघडे असते, चौघे आत असतो, लक्ष्मीला पाऊल ठेवायला जागा नसते. पडद्याच्या अलीकडे आम्ही कुजबुजतो, पलीकडे ती दोघे झोपल्याचे सोंग करतात. रेखा मूल हवे असे म्हणत होती. हल्ली म्हणत नाही. अप्पा अजून दारात खाकरतात. तो आवाज तक्रारीचा नाही, हे मला आता कळते, आणि म्हणूनच तो जास्त टोचतो.

शाळेच्या स्नेहसंमेलनात संस्थेच्या अध्यक्षांनी मला व्यासपीठावर बोलावून शाल दिली. "आई-वडिलांना न सोडणारी अशी मुलं आता कुठं राहिली?" टाळ्या झाल्या. शाल मऊ होती. ती खांद्यावर घेऊन मी घरी आलो, आणि पडदा फार विरला आहे म्हणून आईने तीच मध्ये टांगली.

म्हणून एक मागणे आहे. तुमच्या गावातही अशी एखादी शाल दिली जाईल, तुमचेही हात टाळीसाठी उठतील. ते तिथेच थांबवा, सभेत उभे राहा, आणि शाल देणाऱ्याला मोठ्याने विचारा: याचा पगार कधी देता?