मालिकेतली मासेवाली गेली

मंडळी, प्रेक्षकांनी तक्रार केली की मालिका बंद होते का? काल मला उत्तर मिळालं.

संध्याकाळच्या त्या मालिकेत गावची मासेवाली कल्ल्यांना लाल रंग फासून शिळे मासे खपवायची. ते बघून आमच्या रत्नागिरीच्या बाजारात गिऱ्हाइकं सुलभामावशीच्या बांगड्यांचे कल्ले बोटाने घासून बघायला लागली. मी वर्षानुवर्षं तिच्याकडूनच मासे घेते. डोकं फिरलं माझं. मालिका बंद करा, असा अर्ज लिहून वाहिनीला धाडला. पहिली सही मावशीची.

आज सकाळी बांगडे साफ करता करता मावशी म्हणाली, "काल बघितलीत काय वहिनी?"

बघितली होती. मालिका चालूच आहे. मासेवाली मात्र कायमची लेकीकडे मुंबईला गेली, आणि नायिकेकडे आता मासे ऑनलाइन येतात, बंद डब्यातून.

"जिंकलो की आपण," मी म्हटलं.

मावशीने पिशवी माझ्या हातात दिली. "मासेवाली चोर दाखवलानी, पण दाखवलानी तरी. आता त्या अख्ख्या गावात मासे विकणारी बाईच नाय."

दुसरा अर्ज लिहायला बसले आहे. त्यात मागायचं काय, ते सांगाल का कुणी?