वर्गातली वहिनी

वहिनीला एखादी गोष्ट समजली नाही की ती सरळ उभी राहायची. हात वर करून वाट बघणं तिला जमायचं नाही. "सर, मला नाही समजलं," ती म्हणायची, "आणि या मागच्या बाकावरच्यांनाही समजलेलं नाही, पण ते बोलणार नाहीत." मागच्या बाकावर मी असायचे. सर पुन्हा पहिल्यापासून सांगायचे आणि मी मान खाली घालून सगळं उतरवून घ्यायचे. माझं पहिलं वर्ष असं वहिनीच्या न समजण्यावर निघालं.

ती आमच्या वर्गातल्या नीलेशची वहिनी. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरच्या आमच्या कॉलेजात तेव्हा बीबीएचा नवा कोर्स निघाला होता. काही महिने वर्गात शिकायचं आणि काही महिने एखाद्या कंपनीत जाऊन प्रत्यक्ष काम करायचं; त्याला प्लेसमेंट म्हणायचे. ती आली होती दिराचा प्रवेश घ्यायला. खिडकीवरच्या बाबूला तिने सहज विचारलं, "याला वयाची अट आहे का?" तो नाही म्हणाला, तशी ती दोन फॉर्म घेऊन घरी गेली. बारावी होताच लग्न झालेलं, मुलगा आठवीत. सासूबाईंनी अबोला धरला. "बरंच झालं," वहिनी सांगायची, "त्या शांततेत माझा अकाउंट्सचा पहिला धडा झाला." नीलेशमुळे सगळा वर्ग तिला वहिनी म्हणू लागला. एकदा तर सरांच्याच तोंडून "वहिनी, बसा" निघून गेलं, आणि सर दिवसभर लाजत होते.

मी खकनारकडच्या एका खेड्यातली. आमची केळीची शेती. घरी बोलायचं ते मराठी, आणि शहरात सगळीकडे हिंदी. अनोळखी माणूस दिसला की मी वहिनीच्या मागे सरकायचे. पहिल्या प्लेसमेंटला आम्हा दोघींना केळीचे वेफर्स बनवणाऱ्या एका कारखान्यात पाठवलं. आत शिरलो तोच मालक म्हणाले, "भाभीजी, पहले ज़रा सबके लिए चाय बना दीजिए." मी चहा करायला निघालेच होते. वहिनी हसून म्हणाली, "सेठजी, चाय तो मैं बढ़िया बनाती हूँ. पण घरी इतकी वर्षं केला, डिग्री कोणी दिली नाही." मालकांना हिंदी कळली, मराठीही कळली. ते मोठ्याने हसले आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हाला ऑर्डर आणायला शहरातल्या शनवारा भागातल्या दुकानांमध्ये धाडू लागले.

पहिल्या काही दुकानांत वहिनीच बोलली. मग एका किराणा दुकानापाशी ती थांबली. "आता तू जा. मी इथे उन्हात उभी आहे. जितका वेळ लावशील तितकी मी भाजेन."

मी पायऱ्या चढले. पाठ केलेलं हिंदी वाक्य ऐन वेळी पळालं आणि तोंडातून मराठीच बाहेर पडली. दुकानदार म्हणाले, "अगं, मग मराठीतच सांग ना. आमचं घरपण मराठीच, रावेरकडचं." त्यांनी पाकीट फोडलं, एक वेफर खाल्ला, मीठ जास्त आहे म्हणाले, आणि तरी एक पेटी घेतली. मी जवळजवळ धावतच बाहेर आले. वहिनीचा चेहरा लालबुंद झाला होता. शाबासकी वगैरे काही नाही. "मीठ जास्त आहे म्हणाले ना? ते मालकांना आता तूच सांगायचं." आणि मी सांगितलं. अजूनही कुठे मन घट्ट करून बोलायचं असलं की मला त्या दुकानाच्या पायऱ्या आठवतात.

शेवटच्या वर्षाची प्लेसमेंट इंदूरला होती, चांगली लांबलचक. बाबांनी ऐकताच नकारार्थी मान हलवली. मी वर्गात काही बोलले नाही, पण वहिनीने तोंड पाहून ओळखलं. रविवारी ती बसने आमच्या गावात हजर, तीही चक्क सासूबाईंना सोबत घेऊन.

"बाई, तुम्ही शहरातल्या," बाबा म्हणाले. "माह्या पोरीले इंदूरले काही झालं तं म्या कोनाले इचारू?"

"मला विचारा, काका. ती माझ्या खोलीत राहील, माझ्या हातचं खाईल. जशी नेते तशी परत..." वहिनी मध्येच थांबली. "नाही, तशीच्या तशी नाही आणणार. थोडी धीट करून आणेन."

तेव्हा सासूबाई चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या, "जाऊ द्या हो भाऊ. हिला आम्ही अडवून पाह्यलं. काही उपयोग होत नाही." बाबांना हसू आलं, आणि आतून आईने माझी बॅग काढल्याचा आवाज आला.

इंदूरला रोज संध्याकाळी वहिनीच्या मुलाचा फोन यायचा. मोजे कुठे आहेत, भूगोलात काय येणार, सगळं ती हसत सांगायची. फोन ठेवला की घासलेलीच भांडी पुन्हा घासायला बसायची. मी शेजारी बसून पुसून ठेवायचे.

प्लेसमेंट संपताना कंपनीने मला नोकरी दिली. वहिनीला नाही. काम उत्तम आहे, पण आम्हाला तरुण मुलं हवीत, असं तिथल्या साहेबांनी गोड शब्दांत सांगितलं. मी खोलीवर येऊन रडले, म्हणाले, "वहिनी, मीपण नाही करणार ही नोकरी."

"आणि तुझ्या बाबांना मी काय सांगू? पोरगी नेली, नोकरी लागली, ती माझ्यापायी सोडली?" तिचा आवाज पहिल्यांदाच कापत होता. "मला राग आलाय. तो माझा मला सांभाळू दे. तू कामावर जा."

बुऱ्हाणपूरच्या बसमध्ये मी तिला बसवून दिलं. कुकर, पोळपाट, बादली, सगळं तिने माझ्यासाठी मागे ठेवलं होतं. बस वळेपर्यंत ती खिडकीतून हात हलवत होती, आणि मग एकदम हात आत घेऊन तिने पदर डोळ्यांना लावला.

ती पुढे वेफर्सच्या त्याच कारखान्यात लागली. आता तिथली सगळी विक्री तीच बघते. गेल्या दिवाळीत मी भेटायला गेले, तेव्हा तिच्या टेबलापुढे आमच्याच कॉलेजच्या तीन नव्या मुली अंग चोरून बसल्या होत्या. मला वाटलं, ती सांगेल, हिला मी तयार केलं. सांगितलं असतं तर खरंच होतं. पण वहिनी खुर्चीवरून उठली, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मुलींना म्हणाली, "ही माझी बॅचमेट."