लाइट गेली, साहेब आले

आमच्या कंपनीत किस्से जमवायला कुणाला कष्ट पडले नाहीत. लाइट गेली की एक किस्सा! आणि तळोज्यात नव्वदच्या दशकात लाइट जायला काही मुहूर्त लागत नसे.

कंपनी कापडाचे रंग बनवायची. दोन सर्व्हर होते. एकावर अकाउंट्स, दुसऱ्यावर लॅबच्या जोशीबाईंच्या शेड्सची सगळी मापं. लाइट गेली की दोन्ही धाडकन बंद, आणि डिस्कमधलं काय उरलंय ते देवाला माहीत! मी नवीन, प्रोबेशनवर. मालक पाटणकर साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "पुन्हा एकदा डेटा उडाला तर पर्मनंट होणं विसर!"

म्हणून दोन्ही सर्व्हरना मिळून एक मोठा यूपीएस घेतला. लाइट बराच वेळ आली नाही, तर त्याने सर्व्हरला इशारा द्यायचा आणि सर्व्हरने कामं आवरून, फायली नीट मिटून, आपापलं बंद व्हायचं. हे शिकवायचं काम माझं.

*

यूपीएस आला त्या दिवशी पूजा. हळद-कुंकू झालं, हार झाला. साहेबांनी नारळ उचलला आणि थेट यूपीएसच्या डोक्यावर नेम धरला! आमचा इलेक्ट्रिशियन म्हात्रे, जवळच्याच गावचा, मध्ये आडवा आला.

"सायेब, नारल भायेर फोडा! पानी आत गेला तं आजच दिवाली हाय!"

*

बॅटरी अर्धा तास चालणार होती. पहिल्यांदा लाइट गेली तेव्हा पाच मिनिटांत ढेपाळली. मागे जाऊन बघतो तर काय, जोशीबाईंची चहाची किटली, देव्हाऱ्याचा बल्ब, सगळं यूपीएसवर! मी किटलीचा प्लग उपटला तशा बाई भडकल्या.

"मशीनला अर्धा तास देतोस, आणि माणसांना चहापुरतंही नाही?"

मी प्लग परत लावला. बाई गेल्यावर काढला.

*

लाइट गेली की यूपीएस टूं-टूं ओरडायचा. गेटवरच्या वॉचमनला वाटायचं टेम्पो रिव्हर्स येतोय. तो फाटक सताड उघडून, हात हलवत, रिकाम्या रस्त्याला ओरडायचा, "आने दो, आने दो!"

एकदा खरंच एक टेम्पो आत आला. माल शेजारच्या कंपनीचा होता. आमच्या स्टोअरवाल्याने उतरवूनही घेतला!

*

यूपीएसची इशाऱ्याची वायर एकच. ती अकाउंट्सच्या सर्व्हरला लावली, आणि त्याने नेटवर्कवरून लॅबच्या सर्व्हरला कळवायचं, असं मी बसवलं. लाइट गेली. अकाउंट्स शहाण्यासारखं बंद झालं. लॅबचा सर्व्हर मात्र बॅटरी संपेपर्यंत चालू, आणि मग धाडकन! मी धावत वायरी तपासायला गेलो.

निरोप जातो तो नेटवर्कच्या वायरी जोडणाऱ्या डबीतून, म्हणजे हबमधून, आणि हबच बंद! त्याचा प्लग कुणीतरी यूपीएसवरून काढून भिंतीत खोचला होता.

"म्हात्रे, हे कोणी केलं?"

"मीच. सायबांच्या पंख्याला जागा नव्हती. सायेब बोलले, पंखा आधी."

जोशीबाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "साहेबांना वारा लागला, आणि माझा मोरपंखी उडाला!"

नशीब, आदल्या दिवसाची कॉपी फ्लॉपीवर होती. नाहीतर माझं सामान त्याच दिवशी गेटवर.

*

शेवटी साहेब म्हणाले, "माझ्यासमोर करून दाखव. मगच तुझ्या पर्मनंटच्या ऑर्डरवर सही." त्या दिवशी मला डबाही गेला नाही. हब यूपीएसवर, पंख्याचा प्लग भिंतीत, सगळं दोनदा तपासलं. म्हात्रेने मेन स्विच खाली ओढला.

टूं-टूं सुरू. आम्ही सगळे स्क्रीनला चिकटलेलो. थोड्या वेळाने अकाउंट्सने लॅबला निरोप दिला. लॅबच्या सर्व्हरने एकेक फाइल मिटली आणि तो शांत बंद झाला. पाठोपाठ अकाउंट्सही. बॅटरी अजून शिल्लक! मग लाइट चालू करून बघितलं, बाईंची एकूण एक शेड जागेवर. बाईंनी टाळ्या वाजवल्या. म्हात्रेने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर ते धपाट्याचं नव्हतं.

मी ऑर्डर साहेबांपुढे सरकवली.

"साहेब, सही?"

साहेबांनी पेन उघडलं, सर्व्हरकडे बघितलं, आणि पेन परत खिशाला लावलं.

"लाइट गेल्यावर झोपायला माझ्याकडे माणसं आहेत! मशीनला कशाला शिकवलंस? पर्मनंट व्हायचंय ना? मग जागं राहायला शिकव!"